फोन गेला, गाणं गेलं

मंगळवार, दुपारचे सव्वातीन. मी मीटिंगमध्ये. पडद्यावर एकविसावी स्लाइड आणि टेबलाखाली माझा फोन थरथरतोय. नाव दिसलं, 'आई'. म्हणजे सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीहून आमच्याकडे आल्यात. ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय, वॉकर सुटून हातात काठी आलीये. ऑफिसच्या वेळेत त्या कधीच फोन करत नाहीत, त्यामुळे पोटात धस्स झालं. पडल्या-बिडल्या की काय? 'एक्सक्यूज मी' पुटपुटत बाहेर पळाले.

"अगं, काही नाही गं. तुमचा तो डबा मुका झालाय. सकाळी चांगला गात होता. ह्यानं बूट घातले, लिफ्टमध्ये शिरला, नि तो गपच झाला बघ."

हसू दाबत मी उलगडा केला. सकाळी अभंग लावले होते नवऱ्याच्या फोनवरून. फोन खिशात, खिसा ऑफिसला. फोन गेला, गाणं गेलं! मी म्हटलं, "आई, मग सकाळीच नाही का फोन करायचा?" तर म्हणाल्या, "तुम्ही कामात असता. म्हटलं होईल आपोआप सुरू."

सकाळी सव्वानऊपासून दुपारी सव्वातीनपर्यंत. सहा तास. बाराव्या मजल्यावर, बंद दाराआड, ओळखीचं कुणी नाही, आणि समोर आमच्या दिवाळी बोनसचा चकाचक वायरलेस स्पीकर, ज्याच्यावर एकही बटण त्यांना कळेल असं नाही. मीटिंगमध्ये परत जाऊन बसले खरी, पण बाविसाव्या स्लाइडवर काय होतं ते विचारू नका.

तर या आठवड्याचा विषय असा ठरला. 'नवीन घरात वायरलेस स्पीकर घेऊ का गं?' हा प्रश्न मला ऑफिसात महिन्यातून चारदा तरी येतो. आत्तापर्यंत मी डोळे मिटून 'घे' म्हणायचे. आता जरा थांबून सांगते.

आधी स्पीकरची बाजू, कारण तीही खोटी नाही. आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारं पब्लिक. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट घरमालकाकडे, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही ही पहिली अट. अशा घरात वायरी ओढत बसायला वेळ कुणाला आहे? डबा आणला, पिन लावली, फोन जोडला, पाच मिनिटांत गाणं सुरू. रविवारी बाल्कनीत न्या, आंघोळीच्या वेळी दाराबाहेर ठेवा, लोणावळ्याला जाताना बॅगेत टाका. लाइट गेली तरी बॅटरीवाला स्पीकर गात राहतो. आणि घर बदलताना? आमच्या मागच्या शिफ्टिंगला टीव्हीमागचा वायरींचा गुंता सोडवायला दीड तास लागला आणि स्पीकर मात्र माझ्या पर्समधून आला. लहान घरात, एकट्या माणसाला, ज्याचा फोन नेहमी हाताशीच असतो त्याला, हे प्रकरण झक्कास आहे. वादच नाही.

पण दुकानात 'वायरलेस' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात, आणि सेल्समन हे सांगत नाही.

पहिली जात ब्लूटूथ. यात गाणं फोनवर येतं, फोन ते दाबून लहान करतो आणि हवेतून स्पीकरकडे फेकतो. घरगुती वापरात साधारण दहा मीटरचा हिशेब धरा, मध्ये आरसीसीची भिंत आली की त्याहून कमी. स्पीकर पूर्णपणे फोनच्या जिवावर. फोनवर कॉल आला की गाणं थांबतं. व्हॉट्सअ‍ॅप आलं की तबल्याच्या तिहाईत 'टिंग!' आमच्याकडे पाहुणे जेवायला बसलेले असताना नवऱ्यानं ऑफिसच्या ग्रुपवरचा एक व्हिडिओ नुसता उघडला आणि तो अख्ख्या हॉलनं ऐकला. तपशील देत नाही.

दुसरी जात वाय-फाय. इथे बहुतेक वेळा फोन फक्त ऑर्डर देतो, 'हे लाव', आणि गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतो. गूगलचं कास्ट किंवा स्पॉटिफायचं कनेक्ट असं चालतं. फोन लिफ्टनं खाली गेला तरी लावलेली यादी वाजत राहते. अ‍ॅपलच्या एअरप्लेमध्ये मात्र बहुधा फोनच गाणं पाठवत असतो, तेव्हा तिथे पुन्हा पहिला पाढा. वाय-फायवाल्यात आवाज चांगला, रेंज घरभर, दोन खोल्यांत एकच गाणं लावता येतं. किंमतही अर्थात तशीच. आणि घरचं नेट गेलं की सगळंच मौन.

क्वालिटीवरून मित्रमंडळींत फार हाणामाऱ्या होतात, म्हणून आकडे एकदाच. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथवर गाणं ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणात असावाच लागतो तो एसबीसी नावाचा प्रकार साधारण ३२८ पर्यंत जातो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत. आयफोनवाल्यांनो, तुमचा फोन एलडॅक पाठवतच नाही, त्यामुळे डब्यावरच्या त्या स्टिकरसाठी जास्त पैसे मोजू नका. बाकी, वर पंखा गरगरतोय, स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी, खाली रिक्षांची पोंपों... अशा हॉलमध्ये ३२८ आणि ९९० मधला फरक ज्याला कळतो त्याला माझा साष्टांग नमस्कार. फरक जाणवतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. एकाच डब्यातून येणारा आवाज एकाच जागेहून येतो. डावीकडे तंबोरा, उजवीकडे तबला आणि मधोमध गाणारी बाई, हे चित्र दोन स्पीकर अंतरावर ठेवल्याशिवाय उभं राहत नाही. दोन ब्लूटूथ स्पीकरांची जोडी लावता येते, पण बहुतेकदा एकाच कंपनीची आणि एकाच मॉडेलची. म्हणजे एक आज आणि एक पुढच्या दिवाळीला असा बेत असेल, तर मॉडेल तोवर बाजारात राहील का, ते बघा.

सिनेमाचा वेगळाच वैताग. ब्लूटूथवर आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होतो. गाण्याला काही फरक पडत नाही, पण पडद्यावर ओठ आधी हलतात आणि डायलॉग मागून येतो. मोबाइलवरची बरीच अ‍ॅप्स हे सांभाळून घेतात, टीव्ही प्रत्येक वेळी घेतोच असं नाही. टीव्हीला साउंडबार लावणार असाल तर तो वायरीनंच जोडा, एचडीएमआयनं. त्याच्याबरोबरचा वायरलेस सबवूफर खुशाल चालतो, कारण खालचा घुमारा कुठल्या कोपऱ्यातून येतोय हे कानाला नीट कळतच नाही. (क्रिकेटमध्ये शेजारच्यांची बोंब आधी ऐकू येते आणि आपली विकेट नंतर पडते, तो दोष स्ट्रीमिंगचा. स्पीकरला शिव्या देऊ नका.)

त्यात टॉवरमधली हवा. ब्लूटूथ, बरंचसं वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच गल्लीत फिरतात. या पट्ट्यात वाय-फायची एकमेकांना धक्का न लावणारी चॅनलं जेमतेम तीन, आणि आमच्या हॉलमधून फोनवर दिसणारी नेटवर्कं सव्वीस. मोजली मी. गाणं मध्येच अडखळलं तर स्पीकर बिघडला म्हणून दुकानात धावण्याआधी राउटर पाच गिगाहर्ट्झवर टाकून बघा.

आणि हो, वायरलेस म्हणजे बिनवायरीचा हा आणखी एक गोड गैरसमज. घरातल्या मोठ्या वायरलेस स्पीकरला प्लग लागतोच. जुन्या पद्धतीत अ‍ॅम्प्लिफायरला एक प्लग आणि स्पीकरना बारीक तार. नव्या पद्धतीत डाव्या स्पीकरला एक प्लग, उजव्याला एक प्लग. आमच्या हॉलमध्ये टीव्हीमागे बिल्डरनं दिलेले पॉइंट दोन. मग काय, आली एक्स्टेंशन बोर्डाची वरात!

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं खरं भांडण दोन गोष्टींशी आहे.

एक, आयुष्य. लिथियम बॅटरी चारशे-पाचशे वेळा पुरती चार्ज झाली की म्हातारी होऊ लागते, हे फोनमुळे आपल्याला पाठ आहे. पण प्लगवर चालणारा महागडा स्पीकरही अकाली जातो, कारण तो आता स्पीकर राहिलेलाच नाही, तो कॉम्प्युटर झालाय. सोनोस ही अमेरिकन कंपनी या धंद्यातली मोठी असामी. जानेवारी २०२० मध्ये तिनं जाहीर केलं, की आमच्या काही जुन्या मॉडेलांना मे महिन्यापासून नवं सॉफ्टवेअर मिळणार नाही. ग्राहक इतके भडकले की कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीनं नवं अ‍ॅप आणलं, त्यात अलार्मसारख्या साध्या सोयी गायब. पुन्हा बोंबाबोंब, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखानं खुर्ची सोडली. लॉजिटेकनं स्क्वीझबॉक्स नावाची अशीच यंत्रं २०१२ मध्ये बंद केली आणि ती ज्या वेबसाइटच्या आधारानं चालायची ती २०२४ मध्ये मिटवली. बोसनं २०२५ मध्ये साउंडटचच्या स्पीकरांची क्लाउड सेवा बंद करणार असल्याचं जाहीर केलं. या सगळ्यांतला कोन, चुंबक, लाकूड, काही बिघडलेलं नव्हतं. दूर कुठेतरी कुणीतरी ठरवलं, आणि आपल्या हॉलमधल्या वस्तूचं वय झालं. ईएमआयवर स्पीकर घेताना वॉरंटी विचारतो आपण. 'सॉफ्टवेअर किती वर्षं देणार?' हे विचारा एकदा, आणि सेल्समनचा चेहरा बघा.

दुसरं भांडण मंगळवारचं. घरातलं गाणं कुणाचं?

यावर बाजारानं उपाय काढलेत. बोलणारे स्पीकर आहेत. आमच्याकडे एक आठवडा होता, मैत्रिणीकडून आणलेला. आई त्याच्याशी सांगली हिंदीत अदबीनं बोलायच्या, "भैया, माणिक वर्मा का भावगीत लगाव." तो काहीतरी वेगळंच लावायचा, बहुधा डीजे. आई म्हणायच्या, "राहू दे, त्याला कळत नाही," आणि त्यालाच 'थँक्यू' म्हणून आत जायच्या. मग सारेगामाच्या कारवाँचा विचार झाला. २०१७ मध्ये हा आला तेव्हा आपण तरुण मंडळी हसलो होतो, की २०१७ सालात रेडिओसारखा डबा? पण पाच हजार जुनी हिंदी गाणी आतच भरलेली, समोर फिरवायचं बटण, फोन नको, नेट नको. ज्यानं तो बनवला त्याच्या घरी नक्की कुणीतरी आई असणार. आम्ही घेणारच होतो.

तेवढ्यात सांगलीच्या घराचा विषय निघाला. गुडघ्यामुळे आई आता जिना चढणार नाहीत, वरचा मजला भाड्यानं द्यायचाय, तर माळ्यावरचं सामान काढायला हवं. त्या सामानात बाबांचा स्टीरिओ. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बँकेच्या नोकरीत पैसे साठवून घेतलेला, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकातच, आणि लाकडी खोक्यांचे दोन भारदस्त स्पीकर. नवरा म्हणाला, "भंगारवाल्याला देऊन टाकू." आई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी कधी लावलाच नाही तो. हे म्हणायचे, हात लावू नकोस, खराब होईल. मी पुसायची फक्त."

ऐकून मी गप्पच झाले. मी आपली 'वायर होती तेव्हा गाणं सगळ्यांचं होतं' असा लेख मनात लिहीत होते की हो! कसलं सगळ्यांचं. तेव्हा चावी बाबांच्या हातात, आता मुलाच्या खिशात.

भंगार रद्द. शनिवारी गाडी काढून सांगली गाठली आणि रविवारी तो ऐवज पुण्यात. लावला तर डाव्या स्पीकरमधून नुसती फर्रफर्र. कोनच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन खाली पडला. जुन्या स्पीकरांचं हे ठरलेलं दुखणं, दमट हवेत फोम कुजतो. पण हे दुखणं बरं होतं! तापकीर गल्लीत विचारत विचारत एका काकांकडे पोचलो. त्यांनी दोन्ही कोनांना नवी कड बसवली, अ‍ॅम्प्लिफायरमधले फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, आवाजाच्या बटणाची खरखर स्प्रे मारून घालवली. आमच्या बोनसवाल्या स्पीकरच्या किमतीचा पाव भागही खर्च आला नाही. नवऱ्यानं विचारलं, "काका, किती वॉटचा आहे?" काका म्हणाले, "कागदावर तीस असेल. पण खरे तीस." ज्यांनी लहानपणी डब्यावर हजार वॉट पीएमपीओ छापलेले टू-इन-वन पाहिलेत, त्यांना यातली मेख कळेल.

वायरी कुठून न्यायच्या हा प्रश्न होताच. खिळा ठोकायचा नाही. मग केसिंग पट्टी आणली, डबल टेपनं स्कर्टिंगच्या टाइलवर चिकटवली, आत तार बसवली. घर सोडताना ओढली की निघेल. नवऱ्यानं जोडणी केली आणि आवाज आला एकदम पातळ, खर्जच गायब. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली होती. अशा वेळी एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात. मी तारा बदलल्या, आणि ते श्रेय मी या कॉलममध्ये जाहीरपणे घेतेय.

आमच्यासाठी ब्लूटूथही आहेच. फोनकडून आवाज घेणारी काड्यापेटीएवढी डबी मिळते, ब्लूटूथ रिसीव्हर. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ऑक्सला लावली. हवेतून आवाज फक्त फोनपासून डबीपर्यंत येतो, पुढे सगळं तारेनं. उद्या ब्लूटूथ जुनं झालं तर हजार-पंधराशेची डबी बदलायची, स्पीकरला धक्का नाही. तुमच्यापैकी कुणाच्या आजोळी, गावाकडे, माळ्यावर अशी खोकी असतील, तर ऑनलाइन सेलमध्ये काही घेण्याआधी एक फोन गावी करा. नसतील तर नव्यानंही असंच घेता येतं, साधे बिनमेंदूचे दोन स्पीकर आणि एक छोटा अ‍ॅम्प. आणि खोली दहा बाय दहाची, मुक्काम वर्षाचा, ऐकणारे तुम्ही एकटे, असं असेल तर बिनधास्त ब्लूटूथवाला घ्या. फक्त समोर चार खरी बटणं आणि मागे ऑक्सचं भोक असलेला बघून घ्या.

आणि आई? पहिल्या दिवशी हात लावेनात. "मोडेल" म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. हे चालू. हा आवाज. हे स्टेशन. मागून गॅलरीच्या दारापर्यंत चार फूट तार सोडली, एरियल म्हणून, तेव्हा कुठे एफएमची खरखर थांबली. (इंग्रज रेडिओलाच वायरलेस म्हणायचे, हे मला तेव्हा आठवलं.) दोन दिवसांत त्यांनी तीन स्टेशनं शोधून ठेवली आणि बटणाशेजारी टिकलीनं खुणा केल्या. लाल टिकली विविध भारती.

परवा रविवारी दुपारी नवऱ्यानं त्याचं काहीतरी लावायला फोन पुढे केला. आई काठी टेकत उठल्या, स्टीरिओसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हात लावू नकोस. माझं चालू आहे."

तो गुपचूप हेडफोन घालून आत गेला.